खंडेनवमीची डबी

गौलीगुड्यातल्या हिम्मतरावांच्या घरात माणसं चारच, पण बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, लग्नाचं वऱ्हाड उतरलंय. त्याला कारण त्यांची लेक निशिगंधा. विद्यापीठातून आली, चपला दारात भिरकावल्या, की दिवसभरात भेटलेली माणसं तिच्या तोंडून एकामागून एक घरात शिरायची. आधी यायचा सिटी बसचा कंडक्टर. नाकातून आवाज काढत म्हणायचा, "आगे बढो, आगे बढो, अंदर पूरा मैदान खाली है!" त्याच्या मागोमाग खाजामियाँ. हे विद्यापीठातलं हेलियमचं यंत्र सांभाळायचे आणि प्रत्येक वाक्याआधी घसा असा खाकरायचे, की यंत्रच सुरू झाल्यासारखं वाटावं. सगळ्यांत शेवटी, पदर सावरत, चष्मा नाकावर ओढत यायच्या सत्यवती मॅडम, निशिगंधाच्या गाईड. मॅडम रागावल्या की इंग्रजी, लाडात आल्या की तेलुगू. दोन्ही एकदम झालं तर नुसतं "अय्यो!"

निशिगंधाच्या आईनं, सावित्रीबाईंनी, मॅडमना कधी पाहिलं नव्हतं. पण भाजीबाजारात त्या पाठमोऱ्या उभ्या असत्या, तरी सावित्रीबाईंनी आवाजावरून त्यांना ओळखून घरी चहाला आणलं असतं.

हिम्मतरावांचं तराजू दुरुस्त करायचं दुकान. बसस्टँडाजवळच्या गल्लीत, एका माणसाला आत बसता येईल आणि दुसऱ्याला बाहेर उभं राहता येईल एवढं. उदगीरकडची शेती भावाच्या हवाली करून वडील इथं आले, तेव्हापासूनचं. पण आता दिवस पालटत चालले होते. नारायणगुड्यातल्या मिठाईवाल्यांकडं हिरवे आकडे चमकणारे इलेक्ट्रॉनिक काटे आले होते. गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवल्या होत्या. मोठा मुलगा शिवराज चिक्कडपल्लीत कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा आणि येताना रोज थोडी थोडी अमेरिका घरी आणायचा.

"निशे, अजून वेळ आहे," तो म्हणायचा. "ते तुझं काळं मीठ सोड नि कॉम्प्युटर शीक. सारी दुनिया खुली झाली, आणि तू काय करायलीस? गारठा मोजायलीस."

"गारठा नाही दादा, गारठ्यातलं चुंबकत्व."

"हौ, तेच ते. बर्फाला लोहचुंबक लाव नि पीएचडी घे."

निशिगंधा लगेच त्याच्याच सुरात, केसांवरून हात फिरवत, "हौ, तेच ते. बर्फाला लोहचुंबक लाव," असं म्हणून दाखवायची. शिवराज चिडायचा, हिम्मतराव मिशीत हसायचे आणि विषय तिथंच संपायचा.

गंमत म्हणजे लेकीचंही काम तराजूचंच होतं. प्रयोगशाळेत तिचा एक काटा होता. त्याच्याखाली लांब धाग्याला बोटाच्या पेराएवढी क्वार्ट्झच्या काचेची डबी टांगलेली. डबीत तिनं स्वतः बनवलेले काळे, सुईसारखे स्फटिक, म्हणजे शिवराजचं काळं मीठ. बाजूला कपाटाएवढा चुंबक. आणि भोवती द्रवरूप हेलियमची थंडी, अशी की तिच्यापुढं हिमालय म्हणजे उन्हाळ्यातलं सिकंदराबाद. चुंबक डबीला किती ओढतो, ते वरचा काटा सांगायचा.

एकदा सावित्रीबाईंनी विचारलं होतं, "पण त्यात तू शोधतेस काय गं?"

"हे बघ आई, आपल्याकडं हळदीकुंकवाला बायका भिंतीला टेकून ओळीनं कशा बसतात?"

"हौ, बसतात."

"माझ्या स्फटिकात रेणू तसेच ओळीनं बसलेत. प्रत्येकीजवळ एक बारीकसा चुंबक. आता ज्या दोघी शेजारणींचं गूळपीठ आहे, त्या बसल्या-बसल्या एकमेकींत तोंड घालतात. मग तू कितीही ओरड, 'वाण घ्या हो वाण', वळून बघतील?"

"कुठल्या! आपली कुसुमताई बघ की. तिळगूळ हातात धरून मी ताटकळत उभी."

"पण ओळीत सगळ्यांची सारखी ओळख नसते. कुठं घट्ट, कुठं जेमतेम. त्यामुळं मध्ये मध्ये कुणी एकटीच राहते. ती काय करते?"

"काय करणार? मधल्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या एकटीशी बोलते."

"तेच माझं संशोधन!" निशिगंधा टाळी वाजवून म्हणाली. "थंडी म्हणजे खोलीतला कालवा कमी होणं. कालवा कमी झाला की लांबचं हळू बोलणंही ऐकू येतं. मग लांबलांबच्या जोड्या जुळतात. तरी थोड्या सुट्या उरतातच. चुंबकानं हाक मारली की त्याच तेवढ्या वळतात, आणि जितकी थंडी, तितक्या जोरात वळतात. पण थंडीबरोबर त्यांची संख्या घटत जाते. म्हणून ओढ वाढते खरी, पण सगळ्या सुट्या असत्या तर वाढली असती तेवढी नाही. त्या वाढीचा आलेख एका खास कागदावर काढला की सरळ रेघ येते. कललेली. सगळ्या सुट्या असत्या तर उतार पूर्ण एक आला असता. माझा येतो पाऊण."

सावित्रीबाईंना पाऊण तेवढं पक्कं कळलं. पुढं शेजारणींना त्या सांगू लागल्या, "आमच्या निशीचं पाऊण होत आलंय."

आता पाव राहिला होता, आणि तोच अवघड होता. असल्या स्फटिकात लोखंडाचा कण जरी शिरला, तरी काटा खोटं बोलतो. त्यामुळं जगातला कुठलाही शहाणा उठून म्हणू शकत होता, "बाई, हे तुमच्या रेणूंचं चुंबकत्व नव्हे, ही तुमच्या बरणीतली घाण." म्हणून मॅडमचा हुकूम होता: अगदी नवे स्फटिक बनव, तेच सगळं पुन्हा मोज. रेघ तशीच आली, तर प्रबंध लिहायला घे. नाही आली, तर आजवर मोजलं ते कचऱ्याचं वजन. गणपतीपासून निशिगंधा नव्या स्फटिकांच्या मागं लागली होती. ते तयार झाले आणि दसरा आला.

खंडेनवमीला हिम्मतरावांच्या घरी हत्यारांची पूजा असायची. पाटावर दुकानातला पितळी तराजू, पक्कड, कानस, सावित्रीबाईंची विळी, आणि त्या वर्षीपासून शिवराजचा कॅल्क्युलेटर. निशिगंधा दरवर्षी पेन ठेवायची. या वेळी हिम्मतरावांनी ते उचलून तिच्या हातात परत दिलं.

"हे काय? पेननं वजन करतेस काय तू? काट्यावाल्याची लेक तू. तुझ्या काट्याचं काहीतरी आण."

काटा आणणं शक्य नव्हतं. पण सुट्टीत प्रयोगशाळा बंद राहणार म्हणून डबी धुऊन, कापसात गुंडाळून तिनं पर्समध्येच ठेवली होती. ती काढून पाटावर ठेवली.

"आई, हिला कुंकू लावू नकोस हं. लांबून अक्षता टाक."

"नाही लावत गं बाई," सावित्रीबाई म्हणाल्या, आणि लेक प्रसादाच्या ताटाकडं वळताच, देवाला काय वाटेल म्हणून, एक बोट लावलंच.

दिवाळीनंतर खाजामियाँनी हेलियम दिलं. पूर्वी परदेशातून हेलियम आणायचं तर परवानगीत वर्ष जायचं. आता परवानगी चटकन मिळत होती, पण डॉलरचा भाव ऐकून हिशेबनीसाला घाम फुटायचा. म्हणून खाजामियाँ ते अत्तरासारखं द्यायचे.

"हल्लू डालो अम्माँ," ते म्हणाले. "बच्चे को दूध पिलाते ना, वैसा."

निशिगंधानं नवे स्फटिक डबीत भरले, डबी टांगली आणि मोजायला बसली. संध्याकाळी आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले. थंड टोकाला ते नीट कललेले होते, पण जरा गरम बाजूला सरकले की खाली उतरायचं सोडून आडवे पसरत होते. सरळ रेघ नव्हती ती. पाठीला बाक आला होता.

सत्यवती मॅडमनी कागद उजेडात धरला, मग डोळ्यांजवळ, मग लांब. त्या इंग्रजीत बोलल्या, तेही हळू आवाजात. निशिगंधाला वाटलं, मॅडम ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

"लोखंड आहे हे, निशी. थंडी असो की नसो, सारखंच ओढतंय. कुठून आलं? स्फटिकातूनच असणार. मग जुन्या स्फटिकांतही नसेल कशावरून? आपण आजवर काय मोजलं?"

"मॅडम, चमचासुद्धा प्लास्टिकचा वापरला होता..."

"मग आलं कुठून?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "खाजाकडं एका वेळेपुरतं हेलियम आहे. त्यानंतर यंत्र दुरुस्तीला जाणार. लोखंड कुठून आलं ते सापडलं तर मोजू. नाही सापडलं, तर विषय बदलू. दुसऱ्या कुणी आपली चूक छापून आपलं हसं करण्यापेक्षा ते बरं."

त्या संध्याकाळी गौलीगुड्यातल्या घरात कुणीच आलं नाही. कंडक्टर नाही, खाजामियाँ नाहीत, मॅडम तर नाहीतच. निशिगंधा एकटी आली, चपला नीट जोडून ठेवल्या आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

हिम्मतरावांनी वाट पाहिली. शेवटी न राहवून विचारलं, "काय गं, आज मॅडमना सुट्टी का?"

"झोपल्या त्या," निशिगंधा स्वतःच्या आवाजात म्हणाली. हिम्मतरावांना तो आवाज ऐकून काळजीच वाटली. फार दिवसांत ऐकला नव्हता.

पुढचे दिवस असेच गेले. तिनं बाटल्या तपासल्या, गाळणी बदलली, खिडकीच्या गजांचा गंज पुसून काढला. एकदा तर आपल्या केसातल्या पिना काढून टेबलावर ओळीनं मांडून त्यांच्याकडं पोलिसासारखी बघत बसली. शिवराजसुद्धा चिडवायचा थांबला. त्यानं क्लासचं माहितीपत्रक हळूच तिच्या उशाशी ठेवलं. त्याचं ते न चिडवणंच तिला जास्त लागलं.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सावित्रीबाई न्हाणीशेजारी भांड्यांचा ढीग मांडून बसल्या होत्या. समई, ताम्हण, निरांजनं. निशिगंधा दारात गुडघ्यात मान घालून बसलेली. सावित्रीबाई चिंच लावत होत्या, घासत होत्या आणि लेकीला बोलती करायला काहीबाही बोलत होत्या.

"हे बघ, कसं लख्ख निघालं. आहे का नाही तोंड दिसण्यासारखं? तुझी ती डबी पण अशीच केली होती मी."

"हं," निशिगंधा म्हणाली. मग मान वर आली. "कुठली डबी?"

"अगं, दसऱ्याची. काचेची, हुकाची."

"तिला काय केलंस?"

सावित्रीबाई जरा चाचरल्या. "आता चिडू नकोस. एक बोट कुंकू लावलं होतं. ते पुसलं तरी जाईना. म्हटलं, पोरीचं हत्यार, डाग घेऊन जाईल तर तिची मॅडम अय्यो करेल. हळूच घासली. फोडली नाही हं! हुकाला धरून, अगदी तान्ह्याला न्हाऊ घालावं तशी."

"घासलीस कशानं?"

"कशानं म्हणजे? ह्यानंच की." सावित्रीबाईंनी हात वर केला. हातात लोखंडी तारेची घासणी होती. अर्धी झिजलेली, काळी, भुगा गाळणारी.

निशिगंधानं अशी किंकाळी फोडली की समोरच्या जिन्यावरची मांजर खाली न उतरता थेट उडी मारून गेली. हिम्मतराव दुकान बंद करून नुकतेच आले होते, ते एकाच पायात चप्पल घालून धावले.

"काय झालं? विंचू?"

"बाबा, तुमचा चुंबक! स्क्रू उचलायचा चुंबक! कुठं आहे?"

हिम्मतरावांनी काही न विचारता पिशवीतून चुंबक काढून दिला. तिनं तो घासणीखालच्या पाण्याच्या डागाजवळ नेला. काळा भुगा टुणकन उठून चुंबकाला मिशीसारखा चिकटला.

"क्वार्ट्झ लोखंडापेक्षा कडक!" ती ओरडत होती. "पाटीवर पेन्सिल झिजते तसं लोखंड डबीवर झिजलं! आणि मी बावळट, इतकी लख्ख दिसतेय म्हणून नुसती खळबळून घेतली. ॲसिडात टाकलीच नाही. रिकाम्या डबीचं मापसुद्धा दसऱ्याआधीचंच धरलं!"

सावित्रीबाईंचा चेहरा उतरला. हातातली घासणी त्यांनी विंचू टाकावा तशी टाकली. "म्हणजे माझ्यामुळं गं... एवढ्या दिवसांचं तुझं..."

"आई!" निशिगंधानं त्यांना चिंचेच्या हातांसकट मिठी मारली. "स्फटिकात लोखंड असतं तर मी मेलेच होते. ते काढता येत नाही. डबीवरचं धुता येतं. तू घातलेलं लोखंड आहे ते, माझं नाही!"

"मग बरं झालं म्हणायचं का वाईट?" हिम्मतरावांनी विचारलं.

"अजून नक्की नाही," ती म्हणाली. पण त्या रात्री ती दोन भाकरी जास्त जेवली.

दुसऱ्या दिवशी निशिगंधा मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. तिनं सगळं एका दमात सांगितलं. मॅडम ऐकत होत्या. चष्मा खाली आला, वर गेला.

"माझी क्वार्ट्झची डबी," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "तू पूजेला घरी नेलीस? आणि आईनं ती तव्यासारखी घासली?"

"हो मॅडम. सॉरी मॅडम."

मॅडमनी पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर निशिगंधाच्या मागं गेली. तिथं मोठ्या चुंबकाचं कपाट होतं, आणि त्याच्या दारावर हळदीकुंकवाची तीन ठळक बोटं होती. खाली वाळलेलं लिंबू. ही पूजा दसऱ्याच्या सुट्टीआधी कुणी केली होती, ते दोघींनाही ठाऊक होतं. मॅडमनी तोंड मिटलं.

"आधी रिकामी डबी टांग," त्या म्हणाल्या. आता तेलुगू सुरू झालं होतं.

याला हेलियम लागत नव्हतं. साध्या हवेत, रिकामी डबी, आणि चुंबक सुरू. शुद्ध क्वार्ट्झची डबी चुंबकापासून किंचित दूर ढकलली जायला हवी. ही डबी लाडावलेल्या पोरासारखी चुंबकाकडं ओढली गेली.

"अय्यो!" मॅडम म्हणाल्या. निशिगंधाच्या कानांना तो अय्यो सनईसारखा लागला.

डबी ॲसिडात ठेवली, धुतली, पुन्हा ठेवली, पुन्हा धुतली. मग पुन्हा टांगली, तेव्हा ती मुकाट्यानं दूर सरकली. नवं माप घेतलं. तेच स्फटिक त्यात भरले. खाजामियाँनी शेवटचं हेलियम आणलं आणि घसा खाकरून म्हणाले, "ये आखरी है अम्माँ. इसके बाद मेरेकू नक्को ढूंडो."

दिवस उतरता उतरता ठिपके कागदावर आले. एक, त्याच्याखाली तिरका दुसरा. निशिगंधा ठिपका टाकायची आणि डोळे मिटायची. गरम बाजू आली. हीच ती जागा, जिथं मागच्या खेपेला पाठ वाकली होती. तिनं ठिपका टाकला. तो खाली उतरला होता. पुढचाही उतरला.

मॅडमनी पारदर्शक पट्टी आणून कागदावर ठेवली. सगळे ठिपके पट्टीच्या कडेला येऊन बसले, हळदीकुंकवाच्या बायकांसारखे, भिंतीला टेकून. उतार काढला. पाऊण, अगदी थोडा वर.

पंप घरघरत होता. मॅडमनी खुर्ची ओढली, तीत धपकन बसल्या, चपला काढल्या आणि पाय लांब केले. निशिगंधानं त्यांना चपलेशिवाय पहिल्यांदाच पाहिलं.

"निशी," त्या म्हणाल्या, "काफी तागुदामा?"

कॉफी घेऊया का, एवढंच विचारलं होतं. निशिगंधाला रडू कोसळलं.

"अय्यो, पिच्ची पिल्ला," वेडी पोरगी, असं म्हणत मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "आईला सांग, पुढच्या दसऱ्याला इथं या. पूजा करू. पण घासणी घरी ठेवून या म्हणावं."

त्या संध्याकाळी गौलीगुड्यात दार उघडलं आणि चपला भिरभिरत येऊन थेट शिवराजच्या पायावर आदळल्या.

"आगे बढो, आगे बढो, अंदर पूरा मैदान खाली है!" आधी कंडक्टर आला. मग खाजामियाँ घसा खाकरत आले. मग पदर सावरत, चष्मा ओढत मॅडम आल्या, धपकन खुर्चीत बसल्या, पाय लांब केले आणि म्हणाल्या, "निशी, काफी तागुदामा?" हिम्मतराव हसता हसता ठसकले. सावित्रीबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "घेऊ की गं कॉफी, मॅडम पहिल्यांदाच पाय पसरून बसल्यात आपल्याकडं." शिवराजनं पाय चोळत विचारलं, "म्हणजे झालं का ते तुझं पाऊण?"

"झालं," निशिगंधा म्हणाली. हे मात्र तिच्याच आवाजात.

पुढच्या खंडेनवमीला पाट मांडला गेला. तराजू, पक्कड, कानस, विळी, कॅल्क्युलेटर. निशिगंधा खोलीतून आली तेव्हा हिम्मतराव स्वतःच हात पुढं करून उभे होते.

"काही नको आणूस तिथलं," ते घाईघाईनं म्हणाले. "तुझं ते पेनच दे बाई."